देवी कुठल्या गावची?

जुन्या नाण्यांविषयी वाचकांचे प्रश्न

दोन अंकांमागे याच पानावर मी रोमन अमलातल्या ग्रीक शहरांच्या नाण्यांविषयी थोडं लिहिलं होतं. आजच्या ग्रीसपासून तुर्कस्तान, सीरिया, इजिप्तपर्यंत पसरलेली पाचशेहून अधिक शहरं. राज्य रोमचं, बोली ग्रीक, आणि बाजारात चालणारी तांब्या-काशाची मोड मात्र ज्या त्या गावाने आपली आपण पाडलेली. एका बाजूला बादशहाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला गावाला जे मिरवावंसं वाटलं ते; बहुतेक वेळा गावचा देव. हे गोव्यात बसून कोण वाचणार, अशी माझी समजूत होती. पण पत्रं आली, फोटो आले, आणि अर्ध्याअधिक पत्रांत एकच प्रश्न: ‘हा देव कुठला?’ यातला ‘कुठला’ हा शब्द मला फार आवडला. का, ते पहिल्याच उत्तरात सांगतो.

प्रश्न : माझे मामा तारवटी होते. ते वारल्यावर त्यांच्या पेटाऱ्यात बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात अकरा जुनी नाणी मिळाली. एकावर डोक्यावर टोपली घेतलेली बाई ताठ उभी आहे. छातीपासून पोटापर्यंत गोळ्यांच्या ओळी, दोन्ही हातांतून काठ्यांसारखं काहीतरी जमिनीपर्यंत, आणि दोन बाजूंना दोन हरणं. आई म्हणते अन्नपूर्णा. भाऊ म्हणतो राक्षसीण. कडेने अक्षरं आहेत ती दिसली तशी लिहिते: इ, मधोमध उभा दांडा असलेला गोल, परत इ, सी, आय, डब्ल्यू, एन. — फोंड्याहून एक वाचक

ताई, अक्षरं उतरवून पाठवलीत म्हणून अर्धं काम तुम्हीच केलंत. बाकीचे सगळे नुसती देवी पाठवतात आणि कडा कापून टाकतात.

ही अक्षरं इंग्रजी नाहीत, ग्रीक आहेत. दांडा असलेला गोल म्हणजे ‘फ’. तुम्हाला ‘सी’ दिसला तो ‘स’. त्या काळात सिग्मा असाच चंद्रकोरीसारखा कोरत. ‘डब्ल्यू’ म्हणजे दीर्घ ‘ओ’, ओमेगा. सगळं मिळून झालं ‘एफेसिओन’. अर्थ: एफेससच्या लोकांचं. एफेसस म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं एक जुनं शहर. ही षष्ठी आहे, अनेकवचनी. आपल्याकडे एखाद्या गावाने नाणं पाडून त्यावर ‘म्हापशेकरांचं’ असं लिहावं, तसं. या मालिकेतल्या बहुतेक नाण्यांवर गावाचं नाव याच रूपात असतं. शेवटी ‘ओन’ दिसलं की त्याच्या आधीचा भाग धरून गाव शोधायला लागायचं.

आता देवी. ती आर्टेमिस. पण शाळेच्या पुस्तकात आर्टेमिस कशी असते? आखूड वस्त्र, पाठीला भाता, हातात धनुष्य, बरोबर कुत्रा. रानात शिकार करणारी तरणी पोर. तुमच्या नाण्यावरची बाई तर खांबासारखी उभी आहे. दोघींचं नाव एक, रूप वेगळं. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. ‘शांतादुर्गेला जाऊन आलो’ म्हटलं की समोरचा विचारतोच, खंयच्या? कवळ्याची की फातर्प्याची? आणि फातर्प्याची देवी तर अजूनही कुंकळ्ळीकरीण. देवी गाव सोडून दुसरीकडे येऊन बसली, पण मूळ गावाचं नाव तिच्यापासून सुटलं नाही. तशी ही आर्टेमिस एफेससकरीण. नाणं पाडणाऱ्याला ‘आर्टेमिस’ नावाची कल्पना दाखवायची नव्हती. त्याला आपल्या देवळातली ती एक मूर्ती दाखवायची होती, दागिन्यांसकट, आजूबाजूच्या हरणांसकट. देऊळही साधं नव्हे. जगातल्या सात आश्चर्यांत गणलेलं.

टोपली म्हणता तो उंच मुकुट. काठ्या म्हणता त्या गाठी मारलेल्या लोकरीच्या दोऱ्या. मनगटांवरून खाली सोडलेल्या. काही जण त्यांना पुढे आलेल्या हातांचे टेकू मानतात. हरणं तिचीच. रोमन लोक येण्याच्या कितीतरी आधी एफेससच्या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूला मधमाशी आणि दुसऱ्या बाजूला हरीण असायचं.

राहिले ते गोळे. यांच्यावर विद्वानांनी जेवढी शाई घातली, तेवढं काशाचं नाणंही वजनाला भरणार नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोमने तिला ‘अनेक स्तनांची’ म्हटलं आणि ते चिकटलं. पण एफेससमध्ये 1956 मध्ये सापडलेल्या तिच्या संगमरवरी प्रतिकृती नीट पाहिल्या, तर या गोळ्यांना स्तनाग्रं नाहीत, आणि ते वस्त्राच्या वरून, छातीच्याही खाली लोंबतात. 1979 मध्ये एका स्विस अभ्यासकाने सुचवलं की ही बळी दिलेल्या बैलांची वृषणं, देवीला माळेसारखी वाहिलेली. मग 1987-88 च्या सुमारास देवळाच्या जागी खोदताना तृणमण्याचे, म्हणजे अंबरचे, थेंबासारखे लोलक मिळाले, ओवण्यासाठी भोक पाडलेले. ते फार जुन्या लाकडी मूर्तीच्या अंगावरचे असावेत, असं उत्खनन करणाऱ्यांचं म्हणणं.

माझं मत विचाराल तर मी अंबरवाल्यांच्या बाजूचा. त्याचं कारण पुस्तकी नाही. आमच्या देवळात लहानपणी मी देवीला कायम साडी, पाटल्या, पुतळ्यांची माळ आणि मुखवटा यांतच पाहिली. पुढे एकदा अभिषेकाच्या वेळी आतला पाषाण दिसला आणि मी आईला विचारलं, देवी कुठे गेली? दागिने हेच देवीचं अंग, अशी माझी समजूत झालेली. दूरच्या माणसाने आपल्या देवीचं चित्र काढलं असतं तर तिच्या पुतळ्यांच्या माळेचे त्याने काय केलं असतं, कोण जाणे.

ख्रिस्ती वाचकांना हे गाव बायबलमधून माहीत असेल. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 19: देमेत्रिय नावाचा सोनार देवीची चांदीची छोटी देवळं करून विकायचा. पौलाच्या उपदेशाने धंदा बसेल म्हणून त्याने कारागीर जमवले, आणि ‘एफेससकरांची आर्टेमिस थोर’ असा घोष नाटकघरात दोन तास चालला. तुमच्या नाण्यावर आहे तीच षष्ठी. आईंना सांगा, अन्नपूर्णा नव्हे. भावाला सांगा, राक्षसीण तर मुळीच नव्हे.

प्रश्न : मी इंडो-पोर्तुगीज नाणी जमवतो. परवा एका लॉटमध्ये एक परकं नाणं आलं. दोन बायका समोरासमोर, आरशात पाहिल्यासारख्या. दोघींनीही मानेपाशी कपडा चिमटीत धरलाय. एकीच्या हातात फूटपट्टीसारखं, दुसरीच्या हातात लगाम. पायाशी चाक. आमच्या बझारुकांवरचं सेंट कॅथरीनचं चाक हेच का? — म्हापशाहून एक वाचक

नाही भाऊ, आणि तुम्हालाही ते मनातून माहीत असणार. आपल्याकडे चाक आलं ते तारखेमुळे. आल्बुकर्कने गोवा पक्का घेतला तो दिवस 25 नोव्हेंबर 1510, सेंट कॅथरीनचा सण. तिचा छळ ज्या चाकावर करायचं ठरलं होतं ते चाक मग गोव्याच्या नाण्यांवर आणि निशाणीवर बसलं. कॅथरीनला मारलं ते परंपरेप्रमाणे चौथ्या शतकाच्या सुरुवातीला. तुमचं नाणं त्याच्या आधीचं. तोवर या शहरांच्या टाकसाळीच बंद पडल्या होत्या.

तुमच्या फोटोत ‘स्मिरनेओन’ हे नाव अर्धं वाचता येतं. स्मिर्ना म्हणजे आजचं इझमीर. या बायका नेमेसिस. माजलेल्याला जागेवर आणणारी, ज्याचं त्याच्या पदरात मापून घालणारी देवी. म्हणून हातात माप आणि लगाम. आणि चाक, कारण आज वर असलेला उद्या खाली. इतर गावांत ती एकटी असते. स्मिर्नात मात्र दोन. दोन नेमेसिस दिसल्या की अक्षरं झिजलेली असली तरी स्मिर्नाचाच विचार आधी करायचा.

आता त्या चिमटीकडे बघा, कारण या नाण्यातली खरी गोष्ट तिथे आहे. ती लाजत नाही आणि पदरही सावरत नाही. गळ्यापाशी वस्त्र पुढे ओढून आपल्याच छातीवर थुंकायचं, ही ग्रीकांची दृष्ट टाळायची रीत. नेमेसिसची ही खूण त्याच रीतीची, असा अर्थ लावतात. आमची आजी बाळाला न्हाऊमाखू घातल्यावर ‘थू थू’ करून मीठ-मिरची ओवाळायची. कुणी बाळाचं कौतुक केलं की तिचा हात आपसूक तोंडाकडे जायचा. एवढ्याशा नाण्यावर, वाटाण्याएवढ्या मूर्तीत, कोरणाऱ्याने ती चिमट कोरली आहे. भिंगाखाली धरा आणि पाच मिनिटं दुसरं काही करू नका.

दोघी का? दुसऱ्या शतकातला प्रवासी पॉसेनियस गोष्ट सांगतो. शिकारीहून परतताना अलेक्झांडर पागोस डोंगरावर नेमेसिसच्या देवळापाशी चिनाराच्या झाडाखाली निजला. दोघी स्वप्नात आल्या आणि म्हणाल्या, जुन्या स्मिर्नाची माणसं इथे आणून नवं गाव वसव. लोकांनी लगेच हो म्हटलं नाही. क्लारोसच्या दैवताला विचारून घेतलं, आणि तिथून होकार आल्यावर हलले. आपल्याकडे दृष्टांत झाला तरी देवाला पाकळी लावून प्रसाद घेतल्याशिवाय कोणी देऊळ हलवत नाही, त्यातलाच प्रकार. झाडाखाली झोपलेला अलेक्झांडर आणि त्याच्या उशाशी उभ्या दोघी, असं नाणंही स्मिर्नाने पाडलंय. ते दुर्मिळ. कधी समोर आलं तर मला आधी कळवा, मग भाव करा.

जाता जाता एक सावधगिरी. दोन देवता दिसल्या की त्या एकाच गावच्या असं धरू नका. पुष्कळ नाण्यांवर दोन वेगळ्या गावांचे देव समोरासमोर येतात, हात मिळवतात, आणि खाली ‘ओमोनोइया’ लिहिलेलं असतं, म्हणजे सलोखा. एफेसस, स्मिर्ना आणि पेर्गामोन आयुष्यभर ‘आशिया प्रांतात पहिला मान कोणाचा’ यावर भांडले, आणि मधून मधून अशी सलोख्याची नाणीही काढत राहिले. म्हापशेकराला आणखी काय सांगू? शिरगावची लईराई देवी आणि तुमची चर्चमधली मिलाग्र सायबीण बहिणी आहेत, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ऐकलंय. एकमेकींना तेल-फुलं जातात, दोघींची घरं वेगळी, जत्रा वेगळ्या. उद्या त्या दोघींचं एकत्र चित्र बाहेरच्या कुणाला मिळालं तर तो एकाच देवळाच्या दोन मूर्ती समजेल आणि आपण हसू.

प्रश्न : सर, सोबत छायाचित्र जोडलं आहे. देवळाच्या मधल्या गाभाऱ्यात स्पष्ट शिवलिंग दिसतं. वर चंद्रकोरसुद्धा आहे. रोमन साम्राज्यात शिवपूजा होती याचा हा पुरावा मानता येईल का? — डिचोलीहून एक निवृत्त शिक्षक

नमस्कार. मीही शिक्षकच होतो, तेव्हा स्पष्ट लिहिलं तर राग मानू नये. नाही, मानता येणार नाही.

हे पाफोसचं देऊळ, सायप्रस बेटावरचं. कडेला ‘कोइनोन किप्रिओन’ आहे, म्हणजे सायप्रसकरांचा संघ. देवी अफ्रोडिती, ग्रीकांची प्रेमाची देवता, आणि मधला तो शंकू हीच तिची मूर्ती. दोन्ही बाजूंच्या ठेंगण्या छपरांवर ठिपके दिसतात ती कबुतरं. खाली अर्धगोल आहे ते कुंपण घातलेलं अंगण. टॅसिटस नावाचा रोमन इतिहासकार सांगतो की इसवी सन 69 मध्ये तरुण टायटस, जो पुढे बादशहा झाला, मुद्दाम वाट वाकडी करून हे देऊळ बघायला गेला. देवीला मनुष्यरूप नाही, तळाला रुंद आणि वर निमुळता होत गेलेला दगड आहे, असं वर्णन करून टॅसिटस पुढे लिहितो की याचं कारण कळत नाही. एवढा मोठा इतिहासकार, आणि सरळ ‘कळत नाही’ म्हणून मोकळा! तिथली वेदी उघड्यावर असूनही पावसाने भिजत नाही, असंही तो नोंदवतो. ते आषाढात डिचोलीला येऊन सांगितलं असतं तर बरं झालं असतं. कूक्लिया गावच्या संग्रहालयात तिथेच मिळालेला एक मोठा काळसर शंकूसारखा दगड ठेवलेला आहे.

असे दगड त्या भागात आणखीही होते. एमेसा, म्हणजे सीरियातलं होम्स, तिथल्या सूर्यदेवाचा काळा दगड नाण्यांवर गरुडासह येतो. तिथल्या पुजारी घराण्यातला चौदा वर्षांचा मुलगा 218 मध्ये बादशहा झाला आणि देव रथात घालून रोमला घेऊन गेला. चार वर्षांत मुलाला मारलं आणि दगड परत गावी आला. देव परक्या गावात नेऊन बसवणं सोपं नसतं, हे आपल्या तिसवाडी-साष्टीतून फोंड्याला गेलेल्या देवांच्या महाजनांना विचारा.

तुम्हाला लिंग का दिसलं ते मी समजू शकतो. पण मग मला सांगा, आपली सांतेर कशात बसते? रोयणीत. वारुळाच्या मातीच्या ढिगाला आपण हात जोडतो, त्याला मुखवटा लावतो, साडी नेसवतो. तोही शंकूच. उद्या सायप्रसच्या कुणी ती रोयण पाहून ‘ही आमची अफ्रोडिती’ असा लेख लिहिला, तर तुम्ही संपादकांना पत्र पाठवाल. आकार सारखा असला म्हणून देव सारखा होत नाही. बिनमूर्तीचा देव माणसाला अनेक ठिकाणी सुचला, एवढंच यातून निघतं, आणि माझ्या मते तेवढं पुष्कळ आहे.

तुमच्या हाकेच्या अंतरावर नार्वे आहे. तिथल्या सप्तकोटीश्वराचं देऊळ शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये नव्याने बांधवलं. त्याआधी तो कदंब राजांचा कुलदेव. त्यांच्या सोन्याच्या नाण्यांवर लेख आहे, ‘सप्तकोटीश्वराच्या वराचा प्रसाद लाभलेला’ अशा अर्थाचा. पण चित्र कसलं? सिंहाचं. लिंग नाही, नंदी नाही. लेख झिजलेलं असं एक नाणं हातात आलं, तर आपण सगळे त्या सिंहावरून दुर्गा म्हणू, फार तर नरसिंह म्हणू. शंकर कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. म्हणून म्हणतो, आधी अक्षरं, मग गाव, आणि देव सगळ्यात शेवटी.

प्रश्न : ग्रीकांच्या नाण्यांवर आपला एकही देव नाही का? — पेडण्याहून एक विद्यार्थिनी

आहे, पण तो या मालिकेतला नाही. बॅक्ट्रियाचा ग्रीक राजा अगाथोक्लीस, ख्रिस्ताच्या आधीचं दुसरं शतक. अफगाणिस्तानात आय खानुम इथे 1970 मध्ये फ्रेंच उत्खननात त्याची भारतीय वजनाची सहा चांदीची नाणी मिळाली. एका बाजूला नांगर आणि मुसळ घेतलेला बलराम, दुसऱ्या बाजूला शंख-चक्र घेतलेला वासुदेव. लेख एकीकडे ग्रीक, दुसरीकडे ब्राह्मी. तिथे तर्क लढवावा लागत नाही. नांगर कुणाचा, ते पाचवीतलं पोर सांगेल.

प्रश्न : ‘बायबलमधल्या नोहाचं तारू असलेलं अस्सल रोमन नाणं’ मला साडेचार हजारांना देऊ केलं आहे. असं नाणं खरंच होतं का? घ्यावं का? — मडगावहून एक वाचक

होतं. घेऊ नका.

पहिल्या उत्तराला पुरावा देतो. फ्रिजियातलं अपामेया, आज तुर्कस्तानात दिनार म्हणतात ते गाव. बादशहा सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळापासून साधारण तिसऱ्या शतकाच्या मध्यापर्यंत त्या गावाने काही मोठ्या नाण्यांवर हे चित्र घातलं. पाण्यावर एक पेटी, झाकण उघडं, आत कमरेपर्यंत दिसणारे नवरा-बायको. झाकणावर एक पक्षी बसलेला, दुसरा फांदी घेऊन येतोय. डावीकडे तेच दोघे जमिनीवर उभे, उजवे हात वर केलेले. एकाच चौकटीत आधीचं आणि नंतरचं. आपल्या देवळांतल्या कावी चित्रांत एकच राम एका पट्ट्यात दोनदा भेटतो, तसं वाचायचं. पेटीवर तीन अक्षरं: ‘नोए’. म्हणजे शंकेला जागाच नाही.

आता जहाजाऐवजी पेटी का? मराठी बायबल ‘तारू’ म्हणतं, म्हणून आपल्या डोळ्यांपुढे शीड-सुकाणू येतं. ग्रीक बायबलात शब्द आहे ‘किबोतोस’, आणि त्याचा साधा अर्थ पेटी. गंमत म्हणजे अपामेयाचं टोपणनावही किबोतोस होतं. ते व्यापारी मालाच्या पेट्यांवरून पडलं असावं, असा एक तर्क. त्या मुलखात यहुदी वस्ती होती. त्यांची पुराची गोष्ट आणि गावाचं नाव एकमेकांना भेटली, आणि गावाने म्हटलं असेल, पेटी टेकली ती आमच्याच डोंगरावर. नाणं पाडणारे ख्रिस्ती नव्हते. गावाची थोरवी वाढत असेल तर कुणाचीही गोष्ट आपली म्हणायला कुठल्या गावाची ना असते?

पण अशी नाणी मोजकी आहेत आणि ती मोठ्या संग्रहालयांत आहेत. मीसुद्धा फक्त फोटो पाहिलेत. साडेचार हजारांत मिळतं ते ओतीव. काठावरून नख फिरवा, साच्याच्या दोन अर्धांची शिवण लागते का बघा. पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे असले तर ते ओतताना अडकलेल्या हवेचे. अक्षरांच्या कडा वापरलेल्या साबणासारख्या गोल असल्या, तर विकणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

प्रश्न : नाग आहे, पण त्याला माणसासारखे केस! हे काय? — साखळीहून एक वाचक

ग्लिकॉन. नावाचा अर्थ ‘गोड’. गोडबोल्यांनी दखल घ्यावी. काळ्या समुद्राकाठच्या अबोनोतिखोस गावचा नागदेव, दुसऱ्या शतकात अलेक्झांडर नावाच्या एका भोंदूने उभा केलेला. लूशियन या लेखकाने त्याची लबाडी बयाजवार लिहून ठेवली आहे: हंसिणीच्या अंड्यात नागाचं पिल्लू लपवून देवळाच्या पायाच्या चिखलात ते ‘सापडवलं’, काही दिवसांनी माणसाळवलेला भला मोठा साप अंगाभोवती गुंडाळून लोकांपुढे बसला, सापाला कापडाचं माणसाचं तोंड बसवलेलं, आणि ते घोड्याच्या केसांनी ओढून उघड-मीट करायचं. अंधारी खोली, आत-बाहेर माणसांची रेटारेटी, धड बघायला कुणाला मिळतंय? लूशियन पुढे लिहितो की त्याने बादशहाकडे गावाचं नाव बदलून मागितलं आणि नवी नाणीही. लूशियनला तिखट-मीठ लावायची सवय, म्हणून हे वाचताना मला वाटायचं, थोडं कमी करूनच घ्यावं. पण नाणी निघाली! बादशहा अँटोनायनस पायसच्या नाण्यावर केसाळ नाग आणि खाली नावच, ‘ग्लिकॉन’. पुढे गावाचं नावही बदलून इओनोपोलिस झालं. आजचं इनेबोलू हे त्याचंच झिजलेलं रूप.

प्रश्न : अशी नाणी कशाने घासावीत? चिंचेने लख्ख होतात असं ऐकलं. — अनेकांनी विचारलं आहे

होतात, लख्ख होतात. मी केलेली आहेत.

मुंबईत नोकरीला असताना फूटपाथवर एक हिरवट काळं नाणं घेतलं होतं. बादशहा ओळखू येत होता. मागे कुणीतरी उभं, हातात काहीतरी, आणि कडेने दोऱ्यासारखी बारीक अक्षरं. सुट्टीत घरी आलो, आईची देवाची भांडी घासायची वेळ होती. चिंच आणि राख. मी नाणं तिच्या घंगाळात टाकलं आणि अंगठ्याने घासत बसलो. दहा मिनिटांत ते नव्या पैशासारखं गुलाबी झालं. अक्षरं होती ती त्या हिरव्या थरातच होती. थर गेला, अक्षरं गेली. मूर्तीच्या हातात काय होतं तेही गेलं. आज चाळीस वर्षांहून अधिक झाली, ते नाणं कुठल्या गावचं ते मला माहीत नाही, आणि आता कुणीच सांगू शकणार नाही. आई म्हणाली, काय सुरेख झालं!

तेव्हा चिंच नको, भिरंडाची सोलं नकोत, लिंबू नको, टूथपेस्ट नको. धूळ असेल तर बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्यात भिजवून मऊ ब्रशने. घट्ट माती बांबूच्या काडीने, भिंगाखाली, कंटाळा येईपर्यंत आणि त्याच्या पुढेही. आपल्याकडे खरा वैरी पावसाळा. नाण्यावर फिकट हिरवी भुकटी दिसली, पुसली तरी परत आली, तर ती बुरशी नव्हे. धातू आतून खातंय, क्षार आणि दमट हवा मिळून. ते नाणं लगेच बाकीच्यांपासून वेगळं करा आणि औषधांच्या बाटलीत येतात त्या सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर हवाबंद डब्यात ठेवा. फोंड्याच्या ताईंनी बिस्किटांचा डबा तसाच ठेवला असेल तर आधी तो बदलावा, पत्रा गंजतो.

एक गोष्ट कायद्याची. शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि सरकारी परवानगीशिवाय ती देशाबाहेर पाठवता येत नाही. तुर्कस्तान तर आपली जुनी नाणी बाहेर नेऊच देत नाही. मामांनी ती कधी, कुठल्या बंदरात, कुणाकडून घेतली, याची आठवण घरात कुणाला असेल तर आजच कागदावर लिहून डब्यात ठेवा.

आणि ताई, तुम्ही दुसऱ्या एका नाण्याचा फोटो पाठवलाय, खांद्यांमागे चंद्रकोर असलेला तरुण, डोक्यावर पुढे झुकलेली टोपी. तो चंद्रदेव ‘मेन’ असणार; हातात देवदाराचं फळ आणि पाय बैलाच्या मुंडक्यावर असेल तर नक्कीच. पण हा देव आशिया मायनरच्या आतल्या भागात गावोगाव आहे आणि तुमचा फोटो भर दुपारच्या उन्हातला, अक्षरं पांढरी पडली आहेत. सकाळच्या तिरप्या उन्हात खिडकीपाशी धरून पुन्हा काढा, एक काठाचाही काढा. शेजारच्या सराफाकडे वजन करून घ्या, ग्रॅममध्ये. कडेच्या अक्षरांत ‘ओन’च्या आधी काय आहे, तेवढं मागच्यासारखं उतरवून पाठवा.